चौकशीबाईंचा अबोला

मोठ्या स्टेशनात, सामान ठेवायच्या खोलीला लागून, एक खिडकी आहे. तिच्या काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक पाडलेलं आहे. पाडणारा बहुधा फार बुटका असावा, कारण त्या भोकातून बोलायचं तर भल्याभल्यांना कमरेत वाकावं लागतं. खिडकीच्या आत चौकशीबाई बसतात. परगावाहून आलेल्या पाहुण्यांना शहरात कुठे कसं जायचं ते सांगणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं रोज दोन-तीनशे माणसं आपल्यापुढे वाकत असतील, तर माणसाच्या स्वभावावर थोडाफार परिणाम व्हायचाच. तो झाला होता.

शहरात फिरायला सहा साधनं होती: बस, ट्राम, भुयारी रेल्वे, टॅक्सी, नदीतली बोट आणि भाड्याची सायकल. कुणी विचारलं, "बाई, संग्रहालयाला कसं जायचं?" तर दुसरी एखादी क्लार्क पटकन उत्तर देऊन मोकळी झाली असती. चौकशीबाई आधी उलटतपासणी घेत.

"सोबत कोण आहे?"

"बायको आणि आई."

"दोघींचं पटतं का?"

पाहुणा मागे वळून बघायचा आणि आवाज खाली आणायचा. मग बाई म्हणायच्या, "बसनं जा. अकरा नंबर. त्यात तीन जागा शेजारी कधी मिळत नाहीत." नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ मारून, नकाशाची नीट घडी घालून, त्या तो भोकातून बाहेर सरकवायच्या. घडी त्याच घालायच्या, कारण नकाशा उघडता येणारी माणसं पुष्कळ असतात, मिटता येणारा लाखात एक.

'मला घाई नाही' असं सांगताना तीनदा घड्याळ बघणाऱ्याला त्या टॅक्सीत बसवायच्या. नव्या जोडप्याला बोटीने पाठवायच्या, कारण बोटीचं इंजिन नदीच्या मध्यावर हमखास वीस मिनिटं बंद पडायचं. जिन्याकडे बघूनच सुस्कारा टाकणाऱ्याला भुयारी रेल्वेचं नावही सांगायच्या नाहीत. आणि ज्याला खरंच कुठे जायचंय हे ठाऊक नसेल, त्याला म्हणायच्या, "चार नंबरच्या ट्रामनं जा. ती सगळीकडे जाते आणि परत इथेच आणून सोडते."

चार नंबरची ट्राम त्यांचे यजमान चालवायचे.

ही ट्राम म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. स्टेशन, जुना बाजार, संग्रहालयाचा चढ, बाग, बोटीचा धक्का आणि पुन्हा स्टेशन, अशी बावन्न मिनिटांची गोल फेरी. शेजारून चालत निघालेला माणूस तिच्या आधी पोहोचायचा, वर वाटेत त्याचा चहाही पिऊन व्हायचा. त्यामुळे गावातलं कुणी तिच्यात बसत नसे. बसायचे ते फक्त पाहुणे. पण ट्रामवाल्यांना तिचा केवढा अभिमान! बावीस वर्षं ते तिचा पितळी दांडा रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसत. चढ आला की दांडा पुढे ढकलत म्हणत, "चल गं राणी, एवढं चढलं की झालं." हे 'राणी' प्रकरण चौकशीबाईंच्या कानावर आलं होतं. घरात बावीस वर्षांत त्यांना 'अगं' पलीकडे काही मिळालं नव्हतं.

तर आता भांडणाचं सांगतो. चौकशीबाईंचा धाकटा भाऊ दोन दिवसांसाठी आला होता. सकाळी चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "मोठ्या बाजारात जायला काय बरं पडेल?"

चौकशीबाईंनी कप खाली ठेवला. घसा साफ केला. 'पायात काय घालणार आहेस?' हा पहिला प्रश्न त्यांच्या ओठावर आला होता. तेवढ्यात ट्रामवाले पाव खाता खाता म्हणाले, "सात नंबरची बस. चौथा थांबा. उतरलं की समोरच."

भाऊ 'बरं दाजी' म्हणून गेला. आणि खरा घात पुढेच झाला. तो अर्ध्या तासात बाजारात पोहोचला, हवं ते घेऊन वेळेत परत आला आणि वर म्हणाला, "ताई, दाजी किती सोपं सांगतात गं!"

भाऊ गावी गेल्यावर बाईंनी तोंड उघडलं. "माझ्या घरात, माझ्यासमोर, माझ्या भावाला रस्ता सांगायचा? मी कधी तुमच्या ट्रामचा दांडा ओढायला आले होते?"

"अगं, बस सांगितली फक्त."

"न विचारता सांगितली! त्याची चप्पलसुद्धा बघितली नाही!"

"पोहोचला ना पण?"

हे ते बोलायला नको होते. नवरा बरोबर असतो तेव्हा त्याने गप्प बसावं, एवढं शहाणपण बावीस वर्षांत यायला हरकत नव्हती. चौकशीबाईंनी अबोला धरला. ट्रामवाल्यांनाही वाटलं, आपण काय खून केलाय? त्यांनीही धरला.

या अबोल्यात सगळ्यात सुखी होत्या सासूबाई. एरवी त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. आता मुलगा आणि सून दोघंही फक्त त्यांच्याशीच बोलत होती. "आई, सांगा तुमच्या चिरंजीवांना, भाजी झाकून ठेवलीय." "आई, सांग तिला, मला दिसतंय." सासूबाई मध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि निरोप इकडून तिकडे पोहोचवताना त्यात आपला थोडा मीठमसाला घालायच्या. भाजी झाकून ठेवलीय याचं 'भाजी झाकून ठेवलीय आणि भांडं स्वतः घासायचंय' असं व्हायचं. चार दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

पण घरातला राग घरात ठेवणाऱ्यांपैकी चौकशीबाई नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली आणि पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "आम्हाला जरा निवांत शहर बघायचंय." म्हणजे सरळसरळ चार नंबरचं गिऱ्हाईक. बाईंची लाल पेन्सिल ट्रामच्या रेघेवर गेली, थबकली, आणि नदीकडे वळली.

"बोटीनं जा," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सगळं शहर बोटीने जाऊ लागलं. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला सायकल. ज्याला सायकल येत नाही त्याला टॅक्सी. एका पाहुण्याने तर स्पष्टच विचारलं, "बाहेर ती छान जुनी ट्राम उभी आहे, ती कुठे जाते?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "गोल फिरते. जायचं असेल त्यानं तिच्यात बसू नये."

आता गंमत अशी, की ट्रामच्या मुख्य कचेरीत एक साहेब होते आणि त्यांच्या भिंतीवर चार नंबरच्या प्रवाशांचा आलेख लावलेला होता. तो कधी वर जायचा, कधी खाली आपटायचा. साहेबांनी तो पावसाशी जुळवून पाहिला, सुट्ट्यांशी जुळवून पाहिला, एकदा तर चंद्राच्या कलांशीही जुळवला. कशाशी जुळेना. शेवटी वैतागून त्यांनी हुकूम काढला. पंधरा दिवस माणसं मोजायची. तीन हजार भरली तर ट्राम राहील, नाहीतर कायमची बंद. ट्राम दुरुस्तीच्या शेडमध्ये आणि चालक तिकीट तपासायला बसवर.

ही मोजणी नेमकी अबोल्याच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली.

मागच्या बाकावर मोजणीवाला येऊन बसला. हातात टिकटिक करणारं यंत्र. माणूस चढला की एकदा टिक. पहिले दोन दिवस तो उत्साहाने ताठ बसला होता. पाचव्या दिवशी त्याने उशी आणली. आठव्या दिवशी एक प्रवासी चढला तेव्हा तो दचकून जागा झाला. ट्रामवाले रिकाम्या ट्रामसकट बावन्न मिनिटांची फेरी मारत होते, दांडा पुसत होते, आणि चढावर हळूच म्हणत होते, "चल गं राणी, जितके दिवस आहेत तितके दिवस."

बायकोला एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे हार. त्यांनी मूग गिळले. फक्त आईला ज्या कानाने ऐकू येतं त्या कानाशी बसून एकदा सगळं ओकून टाकलं आणि बजावलं, "तिला सांगू नकोस."

सासूबाईंनी चार दिवस खरोखर सांगितलं नाही. त्यात मुलाची आज्ञा किती आणि स्वतःची सोय किती, हे देव जाणे. हे दोघं बोलायला लागले की आपल्याशी कोण बोलणार? पण बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाहिलं, की मुलाने ट्राम पुसायचा रुमाल धुतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. वाळत घातला नाही, ओलाच ठेवला.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. "सूनबाई, हा निरोप त्यानं दिलेला नाही. माझा आहे."

चौकशीबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. पंधरा दिवस, तीन हजार माणसं, बारा दिवस संपले. "किती झाली?" त्यांनी विचारलं.

"अकराशे. तीसुद्धा मोजणीवाला चहा प्यायला उतरून पुन्हा चढतो ती धरून."

चौकशीबाई खाली बसल्या. आपण रोज भोकातून काय बाहेर सरकवत होतो ते त्यांच्या एकदम लक्षात आलं. नकाशे नव्हेत, नवऱ्याची नोकरी घड्या घालून वाटत होतो. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. "मला एका शब्दानं सांगता आलं नाही या माणसाला?"

"तू विचारलंस का?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या जगाला विचारतेस, सोबत कोण आहे."

तेराव्या दिवशी सकाळी चौकशीबाईंनी चार लाल पेन्सिली टोक करून ओळीने मांडल्या. राहिलेली माणसं एकोणीसशे, दिवस तीन.

"बाई, विमानतळाला—"

"चार नंबरची ट्राम."

"ती विमानतळाला जाते?"

"त्या दिशेला जाते. मग वळते."

"आमचं विमान चुकेल हो!"

"विमानं रोज उडतात. ही ट्राम तीन दिवसांनी मिळणार नाही."

एक मध्यमवयीन जोडपं आलं. त्यांचं हॉटेल स्टेशनच्या अगदी समोर होतं, खिडकीतून पाटी दिसत होती. बाईंनी नकाशावर शहराभोवती गोल काढला. "बावन्न मिनिटं लागतील."

"पण ते तर समोर दिसतंय!"

"दिसतं. पण रस्ता ओलांडायला फार वाईट आहे." जोडपं बिचारं सामानसुमानासकट ट्रामने निघालं, शहर फिरलं आणि तासाभराने होतं तिथेच येऊन उतरलं. मग रस्ता ओलांडून हॉटेलात गेलं. संध्याकाळी ते मुद्दाम खिडकीपाशी आलं, तेव्हा बाईंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण नवरा वाकून म्हणाला, "बाई, फार बरं सुचवलंत. आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसून बरीच वर्षं झाली होती." बाईंनी त्यांना उद्याचंही तेच सांगितलं.

दुपारी बोटवाला आला. बारा दिवसांच्या बरकतीने त्याने बोटीला नवा निळा रंग दिला होता आणि तो रंग अजून त्याच्या कोपराला होता. "बाई, माझी माणसं गेली कुठं?"

"बारा दिवस तुमचे झाले. तीन माझे," बाई म्हणाल्या. "आणि आलाच आहात तर चार नंबरनंच परत जा. धक्क्यापाशी उतरवेल." बोटवालाही टिक झाला.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी आकडा आणला: दोन हजार दोनशे. राहिले आठशे, दिवस एक. इतकी माणसं चार नंबरमध्ये एका दिवसात कुणी पाहिली नव्हती.

पंधराव्या दिवशी ट्राम अशी भरली की मोजणीवाल्याची उशी कुणाच्या तरी मांडीखाली गेली आणि मोजणीवाला खांबाला लटकला. ट्रामवाले चक्रावले होते. हे कुठून येताहेत, कळत नव्हतं. कळत होतं, पण विश्वास बसत नव्हता. प्रत्येकाच्या हातात लाल रेघेचा, नीट घडीचा नकाशा होता, आणि ती घडी ते ओळखत होते.

आणि संग्रहालयाच्या चढावर ट्राम थांबली. दांडा पूर्ण पुढे, तरी राणी जागची हलेना. उलट एक वीतभर मागे आली.

ट्रामवाले मागे वळून म्हणाले, "माफ करा मंडळी, सगळ्यांनी खाली उतरा. चढ चालत जाऊ, वर पुन्हा बसा."

ऐंशी माणसं उतरली. हलकी झालेली ट्राम चढ चढली. माणसं मागोमाग वर आली आणि पुन्हा चढू लागली. टिक. टिक. टिक.

"अहो, ही तीच माणसं आहेत," ट्रामवाले म्हणाले. ते जात्याच प्रामाणिक.

मोजणीवाल्याने खिशातून हुकमाचा कागद काढला. "इथं लिहिलंय, 'जो चढेल तो मोजावा.' तोच की दुसरा, याची चौकशी करायला मला सांगितलेलं नाही." बारा दिवस रिकाम्या ट्रामचा कंटाळा भोगलेला तो माणूस, आता कुठे त्याच्या अंगठ्याला काम मिळालं होतं. तो थांबणार नव्हता.

शेवटच्या फेरीला चौकशीबाईंनी खिडकी बंद केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी. त्या चार नंबरमध्ये चढल्या आणि गर्दीतून वाट काढत दाराजवळच्या आडव्या बाकावर टेकल्या. एकोणीस वर्षांत हजारो लोकांना त्यांनी या ट्राममध्ये बसवलं होतं, पण स्वतः त्या कधी बसल्या नव्हत्या. घर स्टेशनामागेच, कशाला बसतील? बाजार गेला. दुतर्फा झाडं आली. पुढे नवऱ्याची पाठ दिसत होती, ओळखीची, थोडी वाकलेली. हा माणूस रोज इतकी सुंदर फेरी मारतो आणि घरी येऊन एक अक्षर बोलत नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

चढ आला. ट्राम थांबली. "सगळ्यांनी उतरा," ट्रामवाले म्हणाले. मग त्यांनी आरशात पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते बायकोशी बोलले.

"तू बस. तुझे गुडघे दुखतात."

सगळी ट्राम वळून बाईंकडे बघायला लागली. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण त्या उठल्या.

"काही नको. किती झाली?" त्यांनी मोजणीवाल्याला विचारलं.

"दोन हजार नऊशे बावीस."

"आणि आत आहोत आपण किती?"

"शहाऐंशी."

"मग मी बसून कसं चालेल? मला दोनदा मोजून घ्यायचंय," म्हणून चौकशीबाई पदर खोचून उतरल्या आणि त्या सबंध पलटणीपुढे चढ चढू लागल्या. ट्रामवाल्यांनी दांडा पुढे ढकलला. म्हणाले, "चल गं राणी." नेमकं कुणाला म्हणाले, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण बाई चालता चालता चांगल्याच लाल झाल्या.

वर पोहोचल्यावर तीन हजार भरले, वर आठ उरले. मोजणीवाल्याने यंत्र कपाळाला लावलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना टाळ्या कशाबद्दल ते माहीत नव्हतं, पण परगावी माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.

ट्राम स्टेशनात लागली. चौकशीबाई खिडकीचं आतलं कुलूप बघायला खोलीत गेल्या, तर बाहेर कुणीतरी येऊन उभं राहिलं. वाकलं. भोकातून आत बघायला लागलं.

"बाई, एक चौकशी होती," ट्रामवाले म्हणाले. "घरी जायला काय बरं पडेल?"

चौकशीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सोबत कोण आहे?"

"बायको आहे. पटतं कधीकधी."

"मग चालत जा," त्या म्हणाल्या. "सरळ रस्ता आहे. मीही तिकडेच निघालेय."

घरी सासूबाईंनी दोघांना बोलत येताना पाहिलं, आनंदाने डोळे पुसले आणि मग हळूच मधली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

कचेरीतल्या साहेबांनी आलेखावर शेवटच्या तीन दिवसांची उंच टोकं पाहिली आणि त्यांचं डोकं वेगाने चालू लागलं. पाहुण्यांना ट्राम इतकी आवडत असेल, तर पाहुण्यांची चौकशी ट्राममध्येच का नको? आठवड्याभरात हुकूम निघाला. चौकशीबाईंची खिडकी, काच आणि भोकासकट, चार नंबरच्या ट्राममध्ये चालकाच्या मागे बसवण्यात आली. आता दिवसाचे आठ तास नवराबायको तीन हातांवर.

पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. नवव्या दिवशी सकाळी बाजाराच्या थांब्यावर एक पाहुणा चढला आणि त्याने मोठ्याने विचारलं, "संग्रहालय कितवा थांबा?"

"तिसरा," दांड्यावरून हात न काढता ट्रामवाले म्हणाले.

पाहुणा काचेकडे वळून वाकला, कारण आतून लाल पेन्सिल टोक करण्याचा आवाज येत होता. चौकशीबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे एकदा रोखून पाहिलं, पाहुण्याच्या चपलेकडे पाहिलं, नकाशाची घडी घातली आणि भोकातून बाहेर सरकवली.

"इथेच उतरा," त्या म्हणाल्या. "बोटीनं जा."